एकशे बारा गिलासांचा बटवडा

नागसेन खोब्रागडेच्या झोळीतून अठ्ठावीस वर्षांत एक कार्डसुद्धा इकडचं तिकडे झालं नाही. ही गोष्ट पळसटोल्यात कोणीही सांगेल. आणि पळसटोला हे गाव असं, की तिथे कोणाबद्दल चांगलं बोलायचं झालं तर लोक आधी मागे वळून पाहतात, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून.

गोंडपिपरीहून टपालाची थैली यायची, नागसेन ती सायकलला अडकवायचा आणि तीन टोल्यांत, म्हणजे वाड्यांत, वाटत फिरायचा. निराधार योजनेचे पैसे आले की आंधळ्या म्हातारीच्या हातावर तो नोटा ठेवायचा आणि एकेक नोट तिच्याकडून चाचपून घ्यायचा. पैशाला हात नाही, पाकिटाला हात नाही, कोणाच्या झाडाच्या आंब्यालाही हात नाही.

गिलासाला मात्र हात.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. झाडीपट्टीत पोस्टमन दारात आला की आधी पाणी, मग पत्र. आणि पाणी येतं ते स्टीलच्या गिलासात. लग्नात स्टीलचा गिलास आहेर केला नाही असा पाहुणा नाही आणि नाव कोरल्याशिवाय विकला असा दुकानदार नाही. त्यामुळे गावातल्या प्रत्येक गिलासाला नाव असतं, गावचं नाव असतं, काहींवर तर तारीखही असते. असा गिलास चोरणं म्हणजे दुसऱ्याचं आधार कार्ड चोरण्यासारखं. विकता येत नाही, वापरता येत नाही, चारचौघांत काढता येत नाही. चोराने चोरू नये अशी जगात एकच वस्तू असेल, तर ती हीच. आणि नागसेन नेमकी तीच उचलत होता. सहा वर्षं.

पाणी पिऊन झालं की घरची बाई आत वळायची. तिची पाठ फिरणं आणि पदर दाराआड जाणं, यांच्यामध्ये जेवढा वेळ असतो तेवढा त्याला पुरायचा. त्या आधी कानात भुंगा शिरल्यासारखं व्हायचं. छाती धडधडायची, तळहाताला खाज सुटायची. गिलास झोळीत गेला की सगळं एकदम शांत. नाल्यावरच्या रपट्यापर्यंत, त्या ठेंगण्या पुलापर्यंत, ही शांतता टिकायची. रपटा ओलांडला की शरम यायची, आणि ती मात्र घरापर्यंत सायकलच्या मागे बसून यायची.

गाव काय गप्प बसणार होतं? पहिलं वर्ष वानरांवर गेलं. वानरं काय गिलास घेऊन चहा पिणार होती? पण गेलं. दुसऱ्या वर्षी बचत गटाच्या बायका एकमेकींची शिंकाळी पाहू लागल्या. आणि मग, जिथे सगळे आळ शेवटी जातात तिथे हाही गेला. सुनांवर.

सुकलू मडावीची सून सोमारी. धानोराकडच्या जंगलातल्या गावाची पोरगी, कामाला वाघीण. तिच्या सासूने एके दिवशी कडी लावून गिलास मोजले, चार कमी. "मायच्या घरी पोचवते वाटते!" एवढं एकच वाक्य. सोमारीने भांडण केलं नाही. एक गाठोडं बांधलं आणि माहेरी निघाली. चार महिने आली नाही. नागसेनला ती रपट्यावर भेटली होती, डोक्यावर गाठोडं. "जातो भाऊ," म्हणाली. तो सायकलवरून उतरला. त्या दिवशी झोळीत पाचवा होता, तोही तिच्याच घरचा.

त्या रात्री त्याने शपथ घेतली. आठवडाभर पाळली. आठव्या दिवशी मोडली.

सगळं उघडं पडलं ते पोरीमुळे. संघप्रिया चंद्रपुरात नर्सिंग शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली, थंडी पडली म्हणून कोठीमागचं कांबळं ओढलं, तर मागे जुन्या टपालाचं पोतं. पोत्यात गिलास. प्रत्येक गिलास घासलेला, पुसलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. आणि ठेवणं कसं, तर गल्लीवार! आधी नाल्याकाठची घरं, मग बुद्धविहाराची ओळ, मग गोंडटोला. टपाल लावतात तसं. एकशे बारा.

वच्छला, म्हणजे नागसेनची बायको, पोत्यासमोर बसली ती बसलीच. मग म्हणाली, "बाई ठेवली असती तं समजलं असतं मले. हे काय ठेवलं तुम्ही?"

"मले मालूम नाई," नागसेन म्हणाला. "मी नाई नेत, वच्छला. हात नेते."

"हात कोनाचा हाय? शेजाऱ्याचा?"

संघप्रिया मध्ये पडली. "आई, थांब. याले बिमारी म्हनते. आमच्या पुस्तकात हाय."

"चोरी केली तं बिमारी?" वच्छला उसळली. "मंग कोनी मुडदा पाडला तं काय सर्दी झाली म्हनायची का?"

प्रश्न तसा वकिलाला पडावा असा होता. संघप्रियाने सरळ वडिलांना गुरुवारच्या बसमध्ये बसवलं. चंद्रपूरच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टर होत्या, रीना मॅडम. वय पोरीपेक्षा दहा वर्षांनी मोठं असेल-नसेल. नागसेनला वाटलं, आता ही ओरडेल किंवा विजेचा झटका देईल. गावात सिनेमा पाहून लोकांना एवढंच माहीत. मॅडमनी विचारलं, "पाणी घेता का?"

आणि पाणी आलं काचेच्या गिलासात. नागसेनने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

मॅडम हसल्या नाहीत. वच्छलाचा प्रश्न त्याने जसाच्या तसा सांगितला तेव्हा मात्र हसल्या. म्हणाल्या, "काकूंना सांगा, प्रत्येक चोर आजारी नसतो. ज्याला वस्तू हवी असते तो वेगळा आणि ज्याला वस्तू नकोच असते, तरी हात थांबत नाही, तो वेगळा. तुम्ही दुसऱ्यातले. पण आजार आहे म्हणून माफी झाली असं नाही, काका. माफी तुमची तुम्हालाच मागावी लागेल. मी फक्त हात थांबवायला मदत करीन."

"पन हे झालं काऊन, मॅडम?"

"कारण शोधायला वेळ आहे. घर जळत असताना काडी कोणी लावली ते नंतर पाहतात."

गोळी दिली रोज एक. एक वही दिली. आणि नागसेनला वाटलं होतं, आता सांगतील की कोणाकडे पाणी पिऊ नका. झालं उलटं. "पाणी टाळायचं नाही. प्यायचं आणि गिलास बाईच्या हातात परत द्यायचा. ओट्यावर ठेवायचा नाही. झोळीच्या तोंडाला तीन गाठी मारा. भुंगा आला की गाठी सोडायला वेळ लागेल, तेवढ्या वेळात डोळ्यांपुढे चित्र आणा. गिलास झोळीत गेला, तुम्ही रपट्यावर आलात, आणि समोरून...?"

"सोमारी," नागसेन म्हणाला. "डोक्यावर गाठोडं."

"तेच चित्र. शेवटपर्यंत पाहायचं. गाठोडं दिसेपर्यंत."

दुसऱ्या खेपेला त्याने वही दाखवली. टपाल खात्यातल्या माणसाची वही ती! "मंगळवार. गोंडटोला. भुंगा दोन वेळा. परत दिले: दोन. बुधवार. पितळी गिलास, जड, फार सुंदर. परत दिला, पण दोनदा पाहिला." मॅडमना ती वही इतकी आवडली की त्यांनी दुसऱ्या डॉक्टरला बोलावून दाखवली. वच्छलाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "चोरीत नाव काढलं माह्या नवऱ्यानं."

चौथ्या खेपेला मॅडमनी सहज विचारलं, "गावात असं एखादं घर आहे का, जिथून तुम्ही कधीच उचलला नाही?"

नागसेनने मनातल्या मनात सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. "हाय. मालगुजाराचं घर. सोनीबाईचं."

"का बरं?"

"तिथी मले तहान लागत नाई," नागसेन म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. मॅडमनी काहीतरी लिहिलं. पुढे विचारलं नाही.

आता गावाची तब्येत कशी बिघडली ते पाहा. पोस्टमन एक आड एक गुरुवारी नवी कमीज घालून, दाढी करून चंद्रपूरच्या बसमध्ये बसतो, संध्याकाळी परत येतो आणि विचारलं तर "साखर तपासाले" म्हणतो. साखरेला कोणी इस्त्री करून जातो का? चार खेपांत गावाचा हिशेब लागला. चंद्रपुरात बाई आहे. एकाने तिला पाहिलीसुद्धा. उंच आहे, गोरी आहे, चष्मा लावते. हे सगळं खरंच होतं, बरं का! मॅडम उंचही होत्या आणि चष्माही लावत होत्या.

बातमी सर्वांत जास्त जिव्हारी लागली ती सोनीबाईंना. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन सत्तर वर्षं झाली, पण सोनीबाईंच्या नाकावरून ती अजून उतरली नव्हती. गावाचं चारित्र्य म्हणजे आपल्याच अंगणातली तुळस, असं त्यांना वाटे. त्यांनी नातवाकडून अर्ज लिहवून घेतला: पोस्टमन खोब्रागडे याचे चंद्रपूर येथे परस्त्रीशी संबंध असून अशा माणसाचे हाती गावाचे टपाल सुरक्षित नाही, सबब त्यास काढावे. खाली सही सोनीबाईंची, मोठ्या अक्षरात.

खात्याचे निरीक्षक साहेब आले. सरपंच सीताबाईंनी ग्रामपंचायतीत सतरंज्या घातल्या. चौकशी एकट्या नागसेनची, बसायला मात्र सारा गाव. बायका वच्छलाकडे पाहायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. वच्छला खांबाला टेकून ताठ बसली होती. तिने एकदाही मान खाली घातली नाही. नागसेनला ते पाहवेना.

साहेबांनी अर्ज वाचला. "काय खोब्रागडे, चंद्रपुरात बाई आहे?"

"हाय साहेब. डॉक्टर हाय."

"कशाची?"

इथे "साखरेची" म्हणाला असता तर गोष्ट इथेच मिटली असती. साहेबांना जेवायला जायचं होतं. नोकरीची आठ वर्षं बाकी होती, पोरीचं शेवटचं वर्ष बाकी होतं. नागसेनच्या ओठांवर साखर आलीही होती. पण मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि वच्छलाची पापणी हलली.

"साहेब, पंधरा मिनिटं द्या," तो म्हणाला आणि घरी गेला.

आला तो सायकलवर पोतं बांधून. सतरंजीवर एकेक गिलास काढून मांडू लागला. आधी नाल्याकाठची घरं, मग विहाराची ओळ, मग गोंडटोला. पहिल्या वीसेक गिलासांपर्यंत कोणाच्या ध्यानातच आलं नाही. मग एका म्हातारीने ओरडून सांगितलं, "अवो, हा तं माह्या नंदेच्या लग्नातला!" आणि मग जो गलका झाला तो विचारूच नका. जे ते आपलं नाव वाचतंय, ज्यांना वाचता येत नाही ते गिलासाचा पोचा पाहून ओळखताहेत.

नागसेन उभा राहिला. "सहा वर्षं मी नेले. काऊन नेले ते मले सांगता येत नाई. चंद्रपूरले त्याचाच इलाज करून राह्यलो. चार महिन्यांत एक बी उचलला नाई. पन नेले ते मीच. वानरानं नाई." मग गोंडटोल्याच्या बायकांकडे वळला. "आन् सोमारीनं तं बिलकुल नाई."

साहेबांनी घाम पुसला. आता ही भलतीच बाब झाली होती. "हे पाहा," ते म्हणाले, "यातल्या एकानेही चोरीची लेखी तक्रार दिली, तर मला याची झोळी आत्ताच ताब्यात घ्यावी लागेल. पुढचं पोलीस पाहतील. आहे कोणाची तक्रार?"

झोळी नागसेनच्या खांद्यावर होती. त्याने पट्टा घट्ट धरला. तीन गाठी तशाच होत्या.

दोघातिघांची चुळबुळ झाली. एकाने कागद मागितलाही. पण सोनीबाईंना राहवलं नाही. त्या उठल्या, पदर सावरला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमी लोक घर उघडं टाकता, मंग चोर येनारच! पाहा, या एकशे बारात आमच्या घरचा एक तरी हाय का? एक बी नाई! बाईमानसाचं ध्यान असलं पाह्यजे."

सुकलू मडावी कोपऱ्यात विडी विझवत बसला होता. म्हातारा सहसा बोलत नाही. बोलला की त्या दिवशी कोणाची तरी जेवणाची चव जाते. "तुमचा कसा जाईन, बाई?" तो म्हणाला. "तुमी त्याले गिलास देला कधी? त्याच्यासाठी तं कप हाय ना तुमच्याकडे. गोठ्याच्या कोनाड्यात. कान तुटका."

तो कप सगळ्या गावाला माहीत होता. नागसेनच्या आजाला तिथे ओंजळीत वरून पाणी मिळायचं, बापाच्या काळात कप आला, एवढी प्रगती झाली होती. नागसेन पोस्टमन झाला तेव्हा पहिल्या दिवशी त्याच्यापुढेही तोच आला. त्याने "तहान नाई बाई" म्हटलं, आणि अठ्ठावीस वर्षं त्याला त्या दारात तहान लागली नाही.

सोनीबाई उभ्याच होत्या. बसावं की जावं, ते त्यांना ठरवता येईना. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या अर्जाकडे पाहिलं, मग अर्जाची चार वेळा घडी घातली.

ज्याने कागद मागितला होता त्याने तो परत दिला.

"माही हाय तक्रार," सोमारी म्हणाली.

ती पुढे आली. पाच गिलास उचलले, सासूच्या मांडीत एकेक ठेवले. सासू वर पाहीना. मग ती नागसेनकडे वळली. "भाऊ, मी जातो म्हनली तवा तुमी सायकलवरून उतरले होते. मले वाटलं, एक तरी मानूस उतरला." नागसेनने मान खाली घातली. "लिहून नाई देत मी. पन माह्या मायले आजबी वाटते का तिच्या पोरीनं चोरी केली. तिथी जा. तुमच्या तोंडानं सांगा. सायकलवर जा, बसनं नाई."

"जातो, बाई," नागसेन म्हणाला.

"मी बी येतो," सुकलू म्हणाला. "तवा मीबी आयकून चूप राह्यलो होतो. माही सायकल नाई, मागं बसीन."

साहेबांनी वही मिटली. "मी टपाल तपासायला आलो होतो, भांडी नाही. टपाल पूर्ण आहे. औषध बंद केलं तर मात्र मी परत येईन." आणि जेवायला गेले.

धानोऱ्याकडची ती खेप चार दिवसांची झाली. सोमारीच्या आईने सगळं ऐकून घेतलं, थोडं मराठीतून, बरंच सुकलूने गोंडीत सांगितलं म्हणून. मग ती घटकाभर रडली आणि दोघांना आंबील पाजली, पळसाच्या द्रोणात. "हुशार बाई," परतताना सुकलू म्हणाला. "द्रोन कोन चोरते!"

आता शेवटचं ऐका. यानंतर दोनेक महिन्यांनी सोनीबाईंचं रजिस्टर टपाल आलं. नागसेन नेहमीसारखा फाटकातच थांबला. सोनीबाई ओट्यावर आल्या, म्हणाल्या, "वर ये. सही वर करीन." तो वर गेला. त्या आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. जाड, जुना पितळी गिलास; त्यावर त्यांच्या नवऱ्याचं नाव, खाली साल. दोघंही एकमेकांकडे न पाहता उभे. नागसेनने दोन्ही हातांनी घेतला. अठ्ठावीस वर्षांची तहान होती, एका दमात प्यायला.

तेवढ्यात आत फोन वाजला. सोनीबाई वळल्या.

भुंगा आला. चार आणि दोन, सहा महिन्यांत आला नव्हता असा आला. तीन गाठी कधी सुटल्या ते त्याला कळलं नाही. चित्रही आलं नाही, गाठोडंही दिसलं नाही. भानावर आला तेव्हा रपट्यावर होता, आणि झोळी जड होती.

इतकी वर्षं तो इथून पुढे घराकडे जात असे. त्या दिवशी त्याने सायकल उभी केली. पाण्याकडे पाहत राहिला. मग सायकल फिरवली. जन्मात पहिल्यांदा तो एकाच दिवशी एकाच दारात दोनदा गेला.

सोनीबाई ओट्यावरच होत्या. फोन केव्हाच संपला होता. त्याने गिलास काढला आणि पुढे धरला. तोंडातून एवढंच निघालं, "बाई..."

सोनीबाईंनी गिलास घेतला. उलटासुलटा करून नाव पाहिलं. म्हणाल्या, "काऊन गा, पानी पुरलं नाई का?" आणि आत जाऊन पुन्हा भरून आणला. तो प्यायला. या वेळी गिलास त्याने त्यांच्या हातात दिला, आणि त्या घेईपर्यंत सोडला नाही.

त्याने वहीत लिहिलं: "शुक्रवार. एक नेला. तोच परत दिला." मॅडमनी त्या ओळीवर बरोबरची खूण केली.

आणि सोनीबाई? त्यांनी संध्याकाळी बोरिंगवर, विहारापुढे, पिठाच्या गिरणीत, जिथे दोन माणसं दिसतील तिथे ही बातमी पोचवली. गिलास परत आला, हे सांगायला बहुतेक विसरल्या. पण सांगताना मान ताठ होती आणि आवाजात जुनी मालगुजारी होती: "तुमीच म्हनत होते ना, आमच्या घरचा काऊन गेला नाई म्हून? गेला! आमच्याबी घरचा गेला!"